पत्ता ठरवणं तुझं काम होतं

‘गुगलने दंड केला’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना तू फोनवर हेच सांगितलंस, त्यांनी ते खरं मानलं, आणि आता त्या मला विचारतात की सर, आमच्या हातून असा कोणता गुन्हा घडला? गुन्हा त्यांच्या हातून घडलेला नाही आणि दंडही कुणी केलेला नाही. आपल्याच साइटवर एक मजकूर दोन-चार पत्त्यांवर सापडला म्हणून शिक्षा होते, ही समजूत चुकीची आहे असं गुगलने २००८ सालीच जाहीरपणे लिहिलं होतं. ते वाचायला तुला एवढी वर्षं पुरली नाहीत? दुसऱ्यांचा मजकूर उचलून, लोकांना फसवण्यासाठी पानांचे ढीग रचणाऱ्यांवर कारवाई होते, ती गोष्ट निराळी. तू कुणाला फसवलं नाहीस. तू काम अर्धवट सोडलंस, आणि त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलंस. नाचता येईना अंगण वाकडं.

बस इथे. साइट उघड. कुठल्याही एका कादंबरीचं पान काढ आणि ते किती पत्त्यांवर उघडतं ते माझ्यासमोर मोज.

एचटीटीपीने उघडतं, एचटीटीपीएसने उघडतं. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं तरी उघडतं, न लावता तरी उघडतं. झाले चार. शेवटी तिरकी रेघ दिली तरी तेच पान, नाही दिली तरी तेच. आठ. ‘कादंबरी’ विभागातून गेलं तर पत्ता वेगळा, लेखकाच्या नावावरून गेलं तर वेगळा, ‘सवलतीत’ मधून गेलं तर आणखी वेगळा. चोवीस. छपाईसाठीचं पान तू निराळं ठेवलंयस, म्हणजे ते दुप्पट. आणि अजून मी शेपटं मोजलेली नाहीत. फेसबुकवरून कुणी आलं की पत्त्याला एफबीक्लिड चिकटतं. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या दुव्यांना तू स्वतः यूटीएमची शेपटं लावलीस. आणि यादीच्या पानांचं काय? किमतीनुसार क्रम, नावानुसार क्रम, नवी आधी, जुनी आधी, प्रकाशकाची चाळणी, बांधणीची चाळणी. प्रत्येक टिचकीला नवा पत्ता तयार होतो, आणि त्या चाळण्या कोणत्या क्रमाने लावल्या यावरही पत्ता बदलतो. दुकानात पुस्तकं आहेत काही शे. तू पत्ते किती तयार केलेस याचा तुला तरी अंदाज आहे का?

‘पण सर, पान तर एकच आहे.’ तुला एकच वाटतं, कारण तू ते डोळ्यांनी बघतोस. यंत्राच्या लेखी पत्ता म्हणजे चिन्हांची माळ. एक चिन्ह बदललं की पत्ता बदलला. डोमेनच्या नावात इंग्रजी अक्षर मोठं की छोटं याने फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेनंतरच्या वाटेत पडतो. हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं होतं, आणि तू ते वहीत उतरवूनही घेतलं होतंस.

एवढं तर कुठल्याही भाषेच्या साइटला लागू आहे. तू मराठी पुस्तकांच्या दुकानाची साइट केलीस, पुस्तकांची नावं देवनागरीतच पत्त्यात घातलीस. चांगलं केलंस, मला आवडलं. पण देवनागरी पत्त्यात घालताना काय होतं याचा विचार केलास? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात जाताना त्या प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या खुणेसकट लांबलचक रूप होतं. त्याची मला काळजी नाही, ब्राउझर आणि सर्च इंजिन ते नीट उलगडतात. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोनदा टंक. एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि एकदा साधा ‘र’, हलन्त आणि मधे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून: ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत बाइट वेगळे, म्हणजे पत्ते वेगळे. ‘ॲ’चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधी सगळे ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, आणि आजही कित्येक कळफलक तसंच लिहितात. तू म्हणशील, युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवतो. चालव. ‘ऱ’ आणि नुक्ता दिलेला ‘र’ त्याने एक होतील. जॉइनरवाला ‘र’ होणार नाही. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ही होणार नाहीत. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो, आणि तो पुस्तकाची नोंद करतानाच चालवावा लागतो.

तू लिहिला नाहीस. म्हणून तुझ्या डेटाबेसमध्ये एकच पुस्तक दोनदा आहे. दुकानातल्या दोन माणसांनी दोन कळफलकांवरून नाव टंकलं आणि तुझ्या प्रणालीने ती दोन पुस्तकं धरली. बाईंना साठा दोन ठिकाणी दिसतो आणि त्या हिशेब जुळवत बसतात. शेतकऱ्यांवर, कामकऱ्यांवर, गावकऱ्यांवर लिहिलेल्या किती पुस्तकांच्या नावात हा आडवा रफार आहे ते एकदा कपाटासमोर उभं राहून बघ. मराठीत साइट करायची तर मराठी लिपीचं हे दुखणं ठाऊक असायला हवं. ते तुझ्यासाठी दुसरं कुणी येऊन निस्तरणार नाही.

आता दुसरी बाजू ऐक. यंत्र या पसाऱ्याचं काय करतं, हे कळलं असतं तर दंड-बिंड शब्द तुझ्या तोंडून निघालाच नसता.

वेबवर एकासारखी एक पानं किती, हा प्रश्न तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. १९९७ साली आंद्रेई ब्रोडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनने गोळा केलेली सुमारे ३ कोटी पानं तपासली. पानातले सलग शब्द घेऊन त्यांचे एकमेकांवर चढणारे छोटे तुकडे करायचे, तुकड्यांचे आकडे बनवायचे, त्यांतले काही नमुन्यादाखल ठेवायचे आणि दोन पानांचे किती आकडे जुळतात ते पाहायचं. पानं पूर्ण ताडून बघायची गरजच उरली नाही. २००२ मध्ये मोझेस चारिकरने आणखी आटोपशीर रीत सांगितली. आणि २००७ साली गुगलच्या गुरमीत सिंग मंकू व अरविंद जैन यांनी आणि स्टॅनफर्डच्या अनीश दास सरमा यांनी दाखवून दिलं की त्या रीतीने प्रत्येक पानाचा ६४ बिटांचा ठसा घेतला, आणि दोन ठशांत ३ पेक्षा जास्त बिटांचा फरक नसेल तर ती पानं जवळजवळ सारखी धरली, तर ८०० कोटी पानांच्या साठ्यालाही हे मोजमाप पुरतं. ६४ बिट म्हणजे ८ बाइट. एका पानाची ओळख एवढ्या जागेत बसवणारी माणसं होती ती. त्यांचे निबंध तुला मुद्दाम वाचायला दिले होते. वाचले असतेस तर आज बाईंना वेगळं उत्तर देता आलं असतं.

तर यंत्र पान आणतं, डोक्यावरची पट्टी आणि तळाचा मजकूर असा सगळीकडे सारखा असणारा भाग शक्य तेवढा बाजूला सारतं, उरलेल्याचा ठसा घेतं आणि सारख्या ठशांची पानं एका समूहात टाकतं. मग त्या समूहातला एक पत्ता प्रतिनिधी म्हणून निवडतं. शोधणाऱ्याला सहसा तोच दिसतो. बाकीच्या पत्त्यांकडे बाहेरून आलेल्या दुव्यांचं वजनही त्याच्याच खात्यात जमा होतं, आणि ते बाकीचे पत्ते पानं आणणारा क्रॉलर कमी वेळा बघतो. यात शिक्षा कुठे आहे? वाचकाला एकच पान दहादा दाखवू नये एवढाच हेतू आहे, आणि तो योग्य आहे. प्रश्न इतकाच उरतो की प्रतिनिधी कोण निवडणार. तू निवडला नाहीस, म्हणून यंत्राने निवडला. त्याने ‘सवलतीत’ मधला, यूटीएमचं शेपूट असलेला पत्ता निवडला, कारण तूच तो सगळीकडे वाटत फिरलास. मग आता तक्रार कसली करतोस?

निवड सांगायची सोय नव्हती असंही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तीन स्पर्धकांनी एकत्र येऊन कॅनॉनिकलची खूण मान्य केली. पानाच्या हेड भागात एक ओळ लिहायची: या मजकुराचा मूळ पत्ता हा. त्याच वर्षाअखेर गुगलने ती वेगवेगळ्या डोमेनांमध्येही मानायला सुरुवात केली. पीडीएफसारख्या फायलीत हेड नसतो, तर तीच गोष्ट सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमधून सांगता येते. २०१२ मध्ये या खुणेची व्याख्या सांगणारा तांत्रिक दस्तऐवजही निघाला. जुन्या ग्रंथालयात कार्डांची पेटी असायची ती तू पाहिलीयस. लेखकाच्या टोपणनावाखाली बघितलं तर तिथे पुस्तकाची नोंद नसायची, ‘अमुक नावाखाली पाहा’ एवढंच कार्ड असायचं आणि खरी नोंद एका जागी असायची. कॅनॉनिकल म्हणजे ते ‘पाहा’चं कार्ड. ग्रंथपाल ते हाताने लिहीत आणि चुकत नसत.

पण ती आज्ञा नाही, हे डोक्यात पक्कं बसव. सर्च इंजिन ती सूचना म्हणून घेतं आणि इतर खुणांशी ताडून बघतं. कायमचं रीडायरेक्ट कुठे नेतं, साइटमॅपमध्ये कोणता पत्ता आहे, साइटच्या आतले दुवे कुठे बोट दाखवतात, एचटीटीपीएस आहे का, पानं खरोखर सारखी आहेत का, हे सगळं बघून ते ठरवतं. तुझ्या साइटचं काय आहे? कॅनॉनिकल म्हणतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला. साइटमॅपमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायचा. मेनूतले दुवे तिरक्या रेघेवाले. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे नेणारं रीडायरेक्ट आहे ते ३०२, म्हणजे तात्पुरतं. एका घरातून चार जण चार पत्ते सांगत असतील तर पोस्टमनला दोष देता येत नाही. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये तुला लेखी कळवलंय की तू दिलेला कॅनॉनिकल सोडून गुगलने दुसरा निवडला आहे. ती ओळ तू पाहिलीस, तिचा पडदा टिपलास, बाईंना पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘दंड’. ती ओळ दंडाची नाही. तुझ्या बोलण्यात विसंगती आहे, एवढंच ती सांगते.

आणि हे काय केलंयस? टेम्प्लेट एकदा लिहिलं आणि मुखपृष्ठाचा कॅनॉनिकल सगळ्या विभागांच्या पानांवर तसाच राहू दिलास. म्हणजे ‘बालसाहित्य’ विभाग सांगतो की मी खरं तर मुखपृष्ठ आहे. पुस्तकांच्या यादीचं दुसरं पान म्हणतं, मी पहिलं पान आहे. नाहीये ते पहिलं पान. त्यावर वेगळी पुस्तकं आहेत. असं लिहिलं तर एक तर यंत्र तुझ्यावर विश्वास ठेवेल आणि दुसऱ्या पानावरची पुस्तकं शोधात येणार नाहीत, नाही तर ते तुझ्यावर विश्वास ठेवणंच सोडेल. प्लगइनने आपली कॅनॉनिकलची ओळ घातली आणि तू आपली घातलीस, दोन पत्ते दोन दिशांना. एके ठिकाणी एचटीटीपीएसच लिहायचं राहिलं, त्यामुळे तो पत्ता डोमेनच्या आत आणखी एक डोमेन असल्यासारखा झालाय. नेहमीच्या चुकांची यादी गुगलने २०१३ साली करून ठेवली आहे. तिच्यातल्या बहुतेक चुका तू एका साइटवर केल्यास.

चाळण्यांचे पत्ते रोबॉट्सच्या फायलीत अडवून टाकलेस, तेही विचार न करता. अडवलेलं पान क्रॉलर उघडतच नाही. उघडलं नाही तर त्यावरची कॅनॉनिकलची ओळ वाचणार कशी? दार लावून घेऊन आत चिठ्ठी ठेवण्याला काही अर्थ नाही. क्रमवारीच्या अमर्याद पत्त्यांत क्रॉलर भटकू नये म्हणून अडवणं काही वेळा योग्य असतं, पण मग तिथे कॅनॉनिकलवर भिस्त ठेवता येत नाही. दोन्हींतून एक निवडावं लागतं, आणि का निवडलं ते सांगता यायला हवं. ‘व्हिडिओत असंच होतं’ हे कारण मी ऐकणार नाही. त्या व्हिडिओत सर्च कन्सोलमध्ये आवडता डोमेन निवडायची सोय दाखवलीय, ती २०१९ मध्ये गेली. शेपटं हाताळायचं साधन दाखवलंय, ते २०२२ मध्ये गेलं. जुनं शिकायला हरकत नाही, पण ते जुनं आहे हे तरी कळायला हवं.

हे सगळं मी समजून घेईन. घाईत होतं, पहिलं काम आहे, पैसे कमी मिळाले असतील. पण पुढची गोष्ट बघून मला खरोखर राग आला. प्रत्येक पुस्तकाचं मराठी पान आहे आणि इंग्रजी पानही आहे. बाईंनी मराठी परिचय स्वतः लिहिलेत. चांगले लिहिलेत, पुस्तक वाचून लिहिलेत. आणि तू त्या प्रत्येक मराठी पानाच्या डोक्यावर कॅनॉनिकल म्हणून इंग्रजी पानाचा पत्ता दिलास. तू सर्च इंजिनला स्वतःच्या हाताने सांगितलंस की हे मराठी पान नक्कल आहे, खरं पान इंग्रजी. मराठी पुस्तकाचं, मराठी वाचकासाठी, मराठी बाईंनी लिहिलेलं पान नक्कल! भाषांतर ही नक्कल होत नाही, हे गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. दोन भाषांतली पानं ही दोन पानं असतात. प्रत्येकाने कॅनॉनिकलमध्ये स्वतःचाच पत्ता सांगायचा, आणि ‘माझं इंग्रजी रूप तिकडे, माझं मराठी रूप इकडे’ हे एचरेफलँगच्या खुणेने दोन्ही पानांवर लिहायचं. एकाच बाजूने लिहिलं तर ती खूण धरली जात नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी. ही सोय २०११ पासून आहे.

कुणी परभणीत, कुणी शिकागोत बसून पुस्तकाचं नाव मराठीत टंकतो आणि त्याला बाईंचं पान दिसत नाही, यामागे हे कारण आहे. कदाचित एकमेव कारण नसेल, पण सर्वांत मोठं हेच आहे. मराठीत वेबवर आधीच मजकूर कमी. जो आहे तोही आपणच इंग्रजीच्या खाली दडपून टाकायचा? हे तू मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे. भाषा बदलायचं तयार साधन आणलंस, त्याची मूळ सेटिंग इंग्रजीची होती, तू उघडून बघितली नाहीस. पण परिणाम तोच झाला.

अजून एक दाखवतो, कारण हे तुला एकट्याने सापडणार नाही. तुझं पुस्तकाचं पान आधी रिकामं येतं: वर दुकानाचं नाव, खाली पत्ता, मधे ‘लोड होत आहे’. पुस्तकाची माहिती जावास्क्रिप्टने नंतर भरते. ती भरायच्या आत काही बिघडलं, सर्व्हर अडखळला, तर यंत्राच्या हाती काय लागेल? शेकडो पत्त्यांवर ‘लोड होत आहे’ एवढंच. सगळ्यांचा ठसा एकच, सगळी पुस्तकं एका समूहात, आणि त्यातलं कुठलं तरी एक प्रतिनिधी. संपलेल्या पुस्तकांचंही तसंच. ‘हे पुस्तक उपलब्ध नाही’ असं लिहून तू सर्व्हरकडून मात्र २०० हा ‘सगळं ठीक’चा आकडा पाठवतोस. ती सगळी पानं एकमेकांत मिसळतात, आणि पुस्तक परत आलं तरी पान त्या गठ्ठ्यातून लवकर बाहेर पडत नाही. पुस्तक कायमचं गेलं असेल तर ४०४ किंवा ४१० पाठव. परत येणार असेल तर परिचय, लेखक, प्रकाशक सगळं पानावर राहू दे आणि फक्त साठा नाही असं सांग. आणि पुस्तकाचा परिचय सर्व्हरकडूनच पानात भरून येऊ दे.

आता वही काढ. प्रत्येक पुस्तकाला एकच पत्ता. तो कसा असेल हे बाईंसमोर बसून ठरव: एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हवं की नको, शेवटी रेघ हवी की नको. यांपैकी काय निवडलंस याने जवळजवळ काही बिघडत नाही, पण निवडल्यावर ते बदलायचं नाही. विभागाचं नाव पत्त्यात घालू नकोस, पुस्तक एका विभागातून दुसऱ्यात जातं. देवनागरी नाव टंकल्यावर आडवा रफार आणि ‘ॲ’ एका रूपात आणणारा नियम नोंदीच्या जागीच लाव, आणि दुसऱ्या रूपाने आलेल्याला मूळ पत्त्यावर ३०१ या कायमच्या रीडायरेक्टने पाठव. साइटमॅप, मेनू, विभागांची पानं, एचरेफलँग आणि कॅनॉनिकल, सगळीकडे तोच एक पत्ता, अक्षर न अक्षर तोच. छपाईचं पान काढून टाक, आजच्या ब्राउझरला त्याची गरज नाही. मराठी पानांवरचा इंग्रजी कॅनॉनिकल आज रात्रीच काढ, बाकीचं उद्यापासून.

लगेच काही दिसणार नाही. क्रॉलरला सगळे पत्ते पुन्हा बघावे लागतात, समूह पुन्हा जुळवावे लागतात, याला काही आठवडे जातात. त्या काळात घाबरून रोज काहीतरी बदलत बसू नकोस. बदललंस तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. सर्च कन्सोलमध्ये पाच-सहा पुस्तकांचे पत्ते तपासत राहा आणि गुगलने निवडलेला कॅनॉनिकल तुझ्याशी जुळतो का तेवढं बघ.

आणि जुन्या पत्त्यांवरची रीडायरेक्ट काढू नकोस. गुगल किमान एक वर्ष ठेवायला सांगतं, तू त्याहून जास्त ठेव. बाईंनी त्या जुन्या पत्त्याची जाहिरात दोन दिवाळी अंकांत दिली आहे. ते अंक लोकांच्या घरात वर्षानुवर्षं राहतात आणि त्यातली छापील ओळ बदलता येत नाही. पुढच्या वेळी होस्टिंग बदलशील तेव्हा आधी ती रीडायरेक्ट नव्या सर्व्हरवर ने, मग साइट ने.